माडावरून पाहिलेलं

म्हापशाच्या कोर्टात जिन्याखाली माझं टेबल.
वर फळी : मोफत विधी साहाय्य.
लोक विचारतात ते बहुतेक
झेरॉक्स कुठे, मुतारी कुठे.

आज सगुण आला, मांद्र्याचा रेंदेर.
समन्स चार घड्या घालून प्लास्टिकच्या पिशवीत,
उन्ह्या पावासारखं छातीशी.
"बाय, माका कित्याक बोलायलां? मी काय केलंय?"
काही केलं नाहीत, काका. पाहिलंत, म्हणून बोलावलं.
आरोपीलाही असाच कागद जातो,
तोच शिक्का, तोच हवालदार दारात.
गावाने वळून पाहिलं असेल, पाहू दे.

साडेनऊला त्याला रिकामी खोली दाखवली,
शिपाई एकेक पंखा सुरू करत होता तेव्हा.
ते उंच आसन न्यायाधीशांचं.
हा कठडा तुमचा. आरोपी तिकडे, मागे.
त्याच्याकडे बघायची सक्ती नाही.
प्रश्न कळला नाही तर परत विचारा म्हणा.
आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा,
तेही उत्तरच असतं, अख्खं.
तुम्ही आपल्या बोलीत बोला. ते इंग्रजीत टाइप होईल.
वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका, कशावरच.

त्याने कठड्यावरून हात फिरवला.
"सागवान," म्हणाला.
मग हळूच : "आणि मी सांगू काय?"

इथे माझी हद्द संपते.
संध्याकाळची सूर काढायला तो वर होता,
कमरेला काती, हातात दुदिणें.
खाली, खाजनाच्या बांधावर, जीप
तिळूच्या अंगावरून गेली.
मग मागे आली.
पोलिसांच्या कागदात तो एक शब्द आहे, मागे,
अपघात आणि खून यांच्यामध्ये
एकटाच उभा.
आज तो त्याच्या तोंडून यायचा तर येईल.
माझ्या तोंडून त्याच्या तोंडात जाता कामा नये.
जे पाहिलंत तेच, एवढंच म्हटलं,
आणि म्हणताना पंख्याकडे पाहिलं.

बाहेर भिंतीवरच्या यादीत
तिळूची आई बोट फिरवत होती.
गोवा राज्य विरुद्ध. पुढे त्याचं नाव, जीपवाल्याचं.
"माज्या झिलाचा नांव खंय?"
आनंदीबाय, खटला सरकार चालवतं,
सरकारी वकील बोलतील ते तिळूसाठीच.
तीनदा सांगितलं. तीनदा मान हलली.
चौथ्यांदा बोट पुन्हा पहिल्या ओळीवर.
माझ्या हातात पेन्सिल होती.
यादीच्या कडेला, अगदी बारीक अक्षरात...
नाही लिहिलं. लिहिता येत नाही.
हात मात्र गेला होता.

साडेबाराला पुकारा झाला.
मी मागच्या बाकावर.
बचावाचे वकील उठले. शर्टाचा रंग कोणता होता?
"आठवणा नाय."
माड किती उंच?
"चव्वेचाळीस खाचो."
खोली क्षणभर वर बघत राहिली.
मग तुम्ही तोल सांभाळत होता, की खाली बघत होता?
"सायबानू, परत विचारा."
त्यांनी परत विचारलं, जरा मोठ्याने.
"खाली बघणां नाय तो रेंदेर म्हातारो जायत नाय."

टायपिस्टची बोटं थांबली.
न्यायाधीशांनी ते वाक्य सावकाश इंग्रजीत सांगितलं.
इंग्रजीत ते चार ओळी झालं,
आणि सूर मात्र गळून गेली त्यातली.

उरलेली उलटतपासणी सतरा तारखेला.
"जालां?" आनंदीबायने विचारलं.
तारीख म्हणजे निकाल नव्हे, हे सांगायला
मी तोंड उघडलं, तोवर सगुणच बोलला :
"अर्ध्या माडार पावलंय गे. हंय हात सोडूक जाणा नाय."

मग खिडकीपाशी प्रवासभत्ता.
कारकुनाने पावती सरकवली, बोटाने जागा दाखवली, इथे सही.
सगुणने पेन घेतलं, टोपण काढलं,
आणि माझ्याकडे वळला.
"आदी वाचून दाखय."

दोन ओळींची पावती.
मी छापखान्याच्या नावापासून वाचली.